लस आधी, झाडू मग

रुग्णालयात नवा डॉक्टर रुजू होताना हिपॅटायटिस-बी लसीची चौकशी होते; कंत्राटी सफाई कामगाराकडे ती क्वचितच होते. वास्तविक वापरलेली सुई शेवटी त्याच्याच हाती लागते. ती बाधित रुग्णाची असल्यास, लस न घेतलेल्याला संसर्गाचा धोका ३० टक्क्यांपर्यंत असतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या सर्वांना लस आणि रुजू होतानाच आरोग्य तपासणी बंधनकारक आहे. तीन मात्रांना सहा महिने लागतात, तोवर कंत्राटदार माणूस बदलतो, ही सबब मीही निमूटपणे ऐकून घेतली आहे. (कचऱ्याच्या वर्गीकरणासाठी आपल्या इंदूरची पाठ देशभर थोपटली जाते!) आता मात्र वाटते, पहिली मात्रा टोचल्यावाचून झाडू हाती देऊ नये. लसीचे कार्ड कामगाराजवळच असावे, म्हणजे उरलेल्या मात्रा पुढच्या रुग्णालयास देता येतील.