डावा, उजवा आणि मालक

तासगावच्या बाजार समितीत बेदाण्याचे सौदे आटोपले, की जवळच्या चहाच्या दुकानात दुसरे सौदे सुरू होतात. पहिल्यात माल खरा असतो आणि पैसाही खरा; दुसऱ्यात दोन्ही परक्याचे. इथे बसणाऱ्या एकाही गृहस्थाची बंगळुरूच्या क्रिकेट संघात कवडीची गुंतवणूक नाही. परंतु त्या संघाने सलामीला कोणाला धाडावे आणि मालकाने खिशात हात किती खोल घालावा, याचा निकाल रोज इथेच लागतो. कॉलेज सुटल्यावर मीही त्या न्यायासनापुढे हजर होतो. घरी समजूत अशी, की सर ग्रंथालयात आहेत!

पहिला वाद डाव्या-उजव्याचा. निवृत्त गुरुजींचे म्हणणे असे, की खेळपट्टीवर एक डावखुरा आणि एक उजवा अशीच जोडी हवी. दर एकेरी धावेला गोलंदाजाची दिशा मोडते आणि क्षेत्ररक्षकांना इकडून तिकडे पळावे लागते. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये तर एकाच जागेसाठी एक डावा व एक उजवा असे दोन गडी बाळगतात आणि समोरचा चेंडूफेक्या कोणत्या हाताचा आहे हे पाहून त्यांतला एक उतरवतात. केसी स्टेंगेल या व्यवस्थापकाने ही युक्ती हाताशी धरली आणि त्याचा न्यूयॉर्क यांकीज संघ 1949 ते 1953 ओळीने पाच वर्षे अजिंक्य ठरला.

अप्पा अडत्यांना हे पटत नाही. "गुरुजी, चांगला बेदाणा तो चांगलाच. डाव्या हातानं तोला, नाहीतर उजव्या!"

अप्पांचा खरा प्रांत मालकांचा जमाखर्च. 2023 साली महिलांच्या लीगचे पाच संघ मिळून 4669.99 कोटी रुपयांना गेले, त्यांत बंगळुरूचा 901 कोटींना, हे त्यांना तोंडपाठ. पण खेळाडू घ्यायला त्या वर्षी प्रत्येक संघाला मर्यादा 12 कोटींची. त्यांतले 3 कोटी 40 लाख एकट्या स्मृती मानधनावर लागले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. मुलगी जन्मली मुंबईत, पण वाढली आमच्या सांगलीत. "पोरगी आपली आणि संघ बंगळुरूचा!" असे म्हणून अप्पा बशी खाली ठेवतात. 2025 च्या नोव्हेंबरात मालक कंपनीने या गुंतवणुकीचा फेरविचार करीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा अप्पांची झोप उडाली होती. कंपनीची उडाली असेल असे वाटत नाही.

ही तक्रार मी लहानपणीही ऐकली आहे. माझे आजोबा विजय हजाऱ्यांविषयी हेच म्हणत: "पोरगा सांगलीचा, दाम बडोद्याचा." हजारे 1915 साली सांगलीत जन्मले आणि बडोद्याकडून खेळले. 1947 च्या मार्चमध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात समोर होळकरांचा संघ होता, कर्णधार सी. के. नायडू. दोन्हीकडे संस्थानी तिजोरी. बडोद्याचे तीन गडी 91 धावांत गेले, आणि मग उजवे हजारे व डावखुरा गुल महंमद यांनी 577 धावांची भागी केली! हजारे 288, गुल महंमद 319. गुरुजींनी हा दाखला काढला, की अप्पांची तोलाई बंद पडते.

पुढे काय झाले? बडोदे संस्थान 1949 साली मुंबई राज्यात विलीन झाले. होळकर हे नाव 1954-55 च्या अंतिम सामन्यानंतर रणजीतून गेले. बडोद्याचा संघ मात्र असोसिएशनच्या आधारावर उभा राहिला आणि 1957-58 मध्ये पुन्हा करंडक घेऊन गेला. गुल महंमद पाकिस्तानचा झाला. ज्यांच्या जोरावर हे संघ पोसले गेले त्या तिजोऱ्या राहिल्या नाहीत. चौथ्या गड्यासाठी ते 577 अजून कोणाला ओलांडता आलेले नाहीत. आणि 2013 साली त्याच बडोद्यात सांगलीच्या एका डावखुऱ्या मुलीने महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून नाबाद 224 धावा काढल्या. तेव्हा तिला मालक नव्हता. मग तिच्यावर पैसा कोणी लावला होता? हा प्रश्न आमच्या दुकानात कोणी विचारला नव्हता.

तो दिवाळीच्या तोंडावर आपोआप समोर आला. माझी एक विद्यार्थिनी वडिलांबरोबर सौद्याला आली होती. उन्हाळ्यात शेडवरच्या बेदाण्यावर अवकाळी पाऊस पडलेला, माल काळवंडलेला. वडील हातात हिशेबपट्टी घेऊन अप्पांपुढे उभे राहिले.

"भाव काय यायचा तो आला, अप्पा. पण यातलं पंधरा हजार आजच रोख द्या. पोरीला बॅट घ्यायचीय."

"या सालात?" अप्पा म्हणाले.

"निवड चाचणी याच सालात हाय न्हवं."

अप्पा पट्टीकडे पाहत राहिले. कोट्यवधींचे हिशेब चुटकीसरशी सोडवणारा माणूस, पण या पंधरा हजारांपुढे त्याला बोलता येईना. गुरुजींनी हळूच विचारले, "बाळ, डावखुरी की उजवी?"

"डावखुरी, गुरुजी."

गुरुजींनी विजयी मुद्रेने अप्पांकडे पाहिले. अप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी पैसे मोजून दिले आणि सर्वांच्या चहाचे पैसेही स्वतःच चुकते केले. अशी गुंतवणूक त्यांच्या हातून पूर्वी झाल्याची नोंद आमच्या दप्तरी नाही.