ताळेबंद आणि चारित्र्य

दरवर्षी ऑक्टोबरअखेर, सरदार वल्लभभाई पटेल यांच्या जयंतीच्या सुमारास, केंद्रीय दक्षता आयोगातर्फे दक्षता जागृती सप्ताह पाळला जातो आणि त्या निमित्ताने शाळा-महाविद्यालयांतून निबंधस्पर्धा होतात. उपक्रम स्तुत्य आहे. मात्र असे निबंध बहुधा ठरावीक वळणाने जातात. प्रारंभी एखादे सुभाषित, मध्ये भ्रष्टाचाराच्या कर्करोगाचे वर्णन आणि शेवटी 'सुरुवात स्वतःपासून' हा संकल्प! पारितोषिक वाटून झाले की निबंध कपाटात जातात. विद्यापीठांनी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी 'हिशेबातील नीती' या एकाच विषयावर निबंधस्पर्धा घ्यावी, अशी सूचना आम्ही करू इच्छितो. मात्र प्रश्न असा घातला पाहिजे की, ज्याचे उत्तर सुभाषिताने देता येणार नाही.

तसा प्रश्न शोधायला दूर जावे लागत नाही. २००२ साली अमेरिकेतील वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीचा घोटाळा उघडकीस आला. दररोजचा चालू खर्च मालमत्ता म्हणून दाखवून नफा फुगवण्यात आला होता. या प्रकरणात कंपनीच्या प्रमुखाला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच कचेरीतील मधल्या फळीच्या एका महिला लेखापालाची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. वरिष्ठांनी खोटी नोंद करण्यास सांगितले तेव्हा तिचे मन कचरले. तिने राजीनाम्याचे पत्रही तयार केले होते. 'एवढ्या वेळेपुरतेच' अशी तिची समजूत घातली गेली, घराची जबाबदारी तिच्यावर होती आणि ती थांबली. पुढच्या तिमाहीत पुन्हा तेच घडले. अखेर २००५ मध्ये तिलाही पाच महिन्यांचा कारावास झाला. त्याच कंपनीतील अंतर्गत लेखापरीक्षण विभागाच्या प्रमुख सिंथिया कूपर यांनी मात्र आपल्या सहकाऱ्यांसह नोंदींचा माग काढला आणि प्रकरण संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीपुढे नेले. कंपनी एक, शिक्षण जवळजवळ सारखे. निर्णय मात्र दोन. त्या लेखापालाच्या जागी तुम्ही असता तर पहिल्या दिवशी काय केले असते? निबंधाचा विषय हा असावा.

हे पाश्चात्त्य भोगवादाचे फळ आहे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. दाभोळच्या प्रकल्पामुळे मराठी माणसाला एन्रॉनचे नाव परिचित होतेच. डिसेंबर २००१ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा आपल्याकडे अनेकांनी समाधानाने माना डोलावल्या. पण त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, हैदराबादच्या एका कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नाही. त्या कंपनीचे नाव 'सत्यम्' असावे, हा दैवाचा उपहासच म्हणावा लागेल! २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने ज्या दहा जणांना दोषी ठरवले, त्यांत लेखापरीक्षकही होते. नाव संस्कृत ठेवल्याने व्यवहार सात्त्विक होत नाही, हा त्याचा धडा.

आणि अगदी आपल्या अंगणातले उदाहरण पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिलेली प्रचंड कर्जे लपवण्यासाठी एकवीस हजारांवर बनावट खाती उभी करण्यात आल्याचे तक्रारीत नमूद झाले. सुरुवातीला ठेवीदाराला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. निवृत्तीची पुंजी, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम, शस्त्रक्रियेसाठी राखलेले पैसे, सारे एका रात्रीत कुलूपबंद झाले. ती हजारो खाती कुणी तरी संगणकावर भरली असतील, कुणी तरी तपासली असतील, कुणी तरी त्यावर सही केली असेल. खोटा आकडा आपोआप उमटत नाही. त्यामागे माणसाचा हात असतो.

कायदे झाले नाहीत असे नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षक ठरावीक काळाने बदलणे अनेक कंपन्यांना बंधनकारक केले आणि गैरव्यवहार आढळल्यास तो कळवण्याचे दायित्व त्याच्यावर टाकले. २०१८ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले. २०२० मध्ये ठेवींवरील विम्याचे संरक्षण एक लाखावरून पाच लाखांपर्यंत वाढले. हे सारे आवश्यकच होते. परंतु कायदा बहुतेक वेळा घटनेनंतर पोहोचतो; नोंद करणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी घटनेच्या क्षणी तेथे हजर असते. म्हणून तिची मशागत विद्यार्थिदशेतच व्हायला हवी.

आपल्या परंपरेने हे जाणले होते. कौटिल्याने राजकोषातील अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दाखवले आणि आषाढात हिशेब सादर करण्याचा दंडक घातला. माणूस मोहात पडू शकतो, हे त्याने गृहीत धरले होते. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत जमाखर्चाची जबाबदारी अमात्यांकडे होती. भारतीय सनदी लेखापाल संस्थेचे बोधवाक्य कठोपनिषदातून घेतले आहे. सारे निद्रिस्त असताना जो जागा असतो, त्याचे ते स्मरण आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. अर्थ हा पुरुषार्थच आहे, पण तो धर्माच्या आधारानेच, हे त्यातले प्रतिपादन लेखापालाच्या मेजापर्यंत पोहोचले पाहिजे.

येथे कार्यकर्त्यांनाही दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. शिबिराचा हिशेब पै-पैशासह देण्याची सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली असते. पण पुढे आपणच पतसंस्थेचे, सहकारी बँकेचे, शिक्षणसंस्थेचे विश्वस्त किंवा संचालक होतो तेव्हा 'आपलाच माणूस आहे' म्हणून न वाचता सही करतो. हा विश्वास नव्हे. ते कर्तव्यातील शैथिल्य आहे. परक्याचा ताळेबंद ज्या भिंगातून तपासायचा, तेच भिंग आपल्या संस्थेलाही लावले पाहिजे. उलट आपल्या संस्थेला ते अधिक कठोरपणे लावावे, कारण तेथे पैशाबरोबर ध्येयावरील श्रद्धाही ठेव म्हणून आलेली असते.

म्हणून विद्यापीठांनी ही स्पर्धा घ्यावी, परीक्षकांत प्राध्यापकांबरोबर सराव करणारे लेखापालही असावेत, आणि निवडक निबंधांवर वर्गात चर्चा व्हावी. घरोघरीही हा विषय निघावा. मुलाला चांगल्या कंपनीत नोकरी लागली की आपण पगाराचा आकडा विचारतो. एखाद्या मुलाने खोट्या नोंदीला नकार देऊन ती नोकरी सोडली, तर घरचे त्याच्या पाठीशी उभे राहतील का? तो राजीनामा लेखापालाच्या खणात पडून राहतो की वरिष्ठांच्या मेजावर पोहोचतो, हे पुष्कळदा या उत्तरावर ठरते.