घोरणे हसण्यावारी नेऊ नका



गिरगाव-लालबागच्या चाळीत एका खोलीत पाच-सहा माणसे झोपत असली, की त्यांतले एखादे तरी घोरतेच. सकाळी 'काल रात्री मालगाडी केव्हा आली?' अशी चेष्टा होते, सारे हसतात आणि विषय संपतो. आजी म्हणते, "दिवसभर राबलाय, म्हणून डाराडूर झोपला." घोरणे म्हणजे गाढ झोप, ही आपली जुनी समजूत. ती चुकीची तर आहेच, पण काही घरांत घातकही ठरते, असे माझे मत आहे.

आधी हा आवाज येतो कोठून ते पाहू. नाकातून घेतलेली हवा घशातून श्वासनलिकेत उतरते. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. तिच्या वरच्या घशाच्या भागाला असा आधार नाही. जागेपणी तेथले स्नायू वाट उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात. माणूस उताणा झोपला तर जीभही मागे सरकते आणि वाट अरुंद होते.

वाट अरुंद आणि हवा मात्र तेवढीच, म्हणजे तिला अधिक वेगाने जावे लागणार. वेग वाढला की वाहत्या हवेचा दाब कमी होतो, हे बर्नुलीचे तत्त्व तुम्ही शिकला असाल किंवा पुढे शिकाल. कागदाचे दोन तुकडे चार बोटांच्या अंतरावर समोरासमोर धरा आणि मधून फुंकर घाला. कागद दूर न जाता एकमेकांकडे ओढले जातात व फडफडतात. घशातही असेच घडते. शिवाय छाती हवा आत ओढत असल्यामुळे तेथला दाब बाहेरच्यापेक्षा आधीच कमी असतो. मऊ टाळू आणि पडजीभ आत ओढली जातात, सुटतात, पुन्हा ओढली जातात. ही फडफड म्हणजेच घोरणे! सर्दीने नाक चोंदले, मानेभोवती चरबी वाढली किंवा दारूने स्नायू आणखी सैल पडले, की घोरणे वाढते ते यामुळेच.

प्रत्येक घोरणारा आजारी असतो असे मुळीच नाही. पण काहींच्या बाबतीत ही वाट पूर्ण मिटते. छाती-पोट हलत राहतात, पण हवा आत जात नाही. आवाज एकाएकी थांबतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, 'सुटलो!' खरे तर काळजी करायची ती याच शांततेची. रक्तातला प्राणवायू कमी होऊ लागतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताणले जातात आणि मोठा आवाज करून श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी त्या माणसाला यातले काही आठवत नाही. दहा सेकंद वा अधिक काळ श्वास थांबला तर डॉक्टर त्याला श्वासरोध म्हणतात. पूर्ण थांबलेले आणि बरेच उथळ झालेले श्वास मिळून तासाला तीसपेक्षा अधिक भरले, तर तो विकार तीव्र समजतात. प्रत्येक वेळी रक्तदाब चढतो. असे वर्षानुवर्षे चालले तर उच्च रक्तदाब, हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढतो. दिवसा डुलक्या येतात त्या वेगळ्याच. बस चालवणाऱ्याला डुलकी आली तर काय होईल, हे सांगायला नको.

हे आपल्यापासून दूरचे नाही. दादरला लागूनच असलेल्या माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची पाहणी करून ती २००४ साली प्रसिद्ध केली. हे पुरुष नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेले होते. त्यांच्यात झोपेतील श्वसनदोषाचे प्रमाण १९.५ टक्के, म्हणजे जवळजवळ पाचांत एक, आढळले. दिवसाची झोपाळूपणाची तक्रारही जोडीला असलेले ७.५ टक्के होते.

शिक्षकांनाही एक सांगावेसे वाटते. वाढलेल्या टॉन्सिलमुळे आणि नाकामागच्या ग्रंथींमुळे मुलांनाही हा त्रास होतो. वर्गात पेंगणारा किंवा सतत चुळबुळणारा मुलगा आळशी वा द्वाडच असेल असे नाही. त्याला बाकावर उभे करण्यापूर्वी, तो रात्री घोरतो का, हे त्याच्या पालकांना विचारावे.

यावर उपाय आहेत. वजन कमी करणे आणि कुशीवर झोपणे यांचा पुष्कळांना उपयोग होतो. मुलांच्या बाबतीत कधी टॉन्सिल काढावे लागतात. तीव्र विकारावर १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी एक साधी युक्ती मांडली. नाकावर मुखवटा लावून किंचित जास्त दाबाची हवा सोडायची, म्हणजे वाट मिटत नाही. हा जादा दाब साधारण दहा सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम शंभरावा भाग असतो. एवढ्या दाबाने माणसाला रात्रभराची झोप परत मिळते!

पण उपचाराआधी निदान हवे, आणि येथेच तुमचे काम आहे. घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. एका खोलीत झोपणाऱ्या आपल्यासारख्यांना ते आयतेच ऐकू येते. तेव्हा घरात कोणी घोरत असेल, तर घड्याळ घेऊन थोडा वेळ ऐका. आवाज मध्येच थांबतो का, किती सेकंद थांबतो, हे वहीत लिहा. तो कागद घेऊन त्यांना केईएम, नायर किंवा जवळच्या रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवा. सकाळच्या चेष्टेपेक्षा तो कागद बाबांच्या जास्त उपयोगी पडेल.