सामन्याची रात्र, घरचे खाणे आणि 'पित्त'

फुटबॉलची मोठी स्पर्धा जवळ आली की औषधाची चिठ्ठी घेऊन उठता उठता एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, शनिवारी रात्री मित्रमंडळी जमणार आहेत. थोडे चमचमीत केले तर चालेल ना?" विचारणारा बहुधा रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा असतो आणि शेजारी उभी असलेली त्याची पत्नी माझ्या तोंडून 'नाही' निघण्याची वाट पाहत असते. मी 'चालेल' म्हणतो. का म्हणतो आणि कोणत्या अटीवर म्हणतो, ते आज सांगायचे आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील वाचकांना फुटबॉलचे वेड समजावून सांगायला नको. पाटाकडील आणि खंडोबा, दिलबहार आणि प्रॅक्टिस यांच्यातील सामन्याला शाहू स्टेडियमवर बसायला जागा मिळत नाही, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. विश्वचषकाच्या महिन्यात तर पेठापेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, मेस्सी-नेमारचे भलेमोठे फलक उभे राहतात आणि एकाच घरात दोन भाऊ दोन देशांचे होतात. अशा गावात सामना बघायला आठ-दहा जण जमले आणि त्यांच्यापुढे काकडीच्या चकत्या ठेवल्या, तर पुढच्या वेळी त्या घरी कोणी येणार नाही.

आमच्या व्यवसायातील काही बंधू अशा वेळी सरसकट बंदी घालतात. मला ते पटत नाही. एक तर बंदी पाळली जात नाही. घरी मिळाले नाही की माणूस कोपऱ्यावरच्या गाडीवर जातो आणि तेथील कढईतले तेल सकाळपासून कितव्यांदा तापले आहे हे कोणी विचारत नाही. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक घटक साठत जातात. म्हणून तर केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून अशा घटकांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली. घरच्या कढईत निदान तेल ताजे असते, मीठ आपल्या हाताने पडते आणि किती केले हे ठाऊक असते. दुसरे कारण असे की, दिवसभर दुकान, शेत किंवा कचेरी सांभाळणाऱ्या माणसाने महिन्यातून चार रात्री मित्रांच्या खांद्याला खांदा लावून बसावे, ओरडावे आणि हसावे, हे मला त्याच्या प्रकृतीच्या दृष्टीने गरजेचे वाटते.

'चार रात्री' हा शब्द मात्र मुद्दाम वापरला आहे. २०२२ च्या कतारमधील स्पर्धेत २९ दिवसांत ६४ सामने झाले. २०२६ च्या स्पर्धेत संघ ४८ आणि सामने १०४, कालावधी ३९ दिवस. प्रत्येक सामन्याला भजी म्हटली तर काय होईल ते सांगायला डॉक्टर लागत नाही. प्रौढ माणसाला दिवसाकाठी वरून घेतलेले तेल-तूप २० ते ३० ग्रॅम पुरे, असा हिशेब आहारशास्त्रज्ञ देतात. तुमच्या चहाच्या चमच्याने मोजले तर पाच-सहा चमचे. एका रात्री ते दुप्पट झाले तर शरीर सांभाळून घेते. सलग महिनाभर झाले तर घेत नाही. तेव्हा स्पर्धेचे वेळापत्रक हाती आले की आपल्या देशाचे, म्हणजे ज्याचा झेंडा गच्चीवर लावला आहे त्या देशाचे, सामने निवडावेत आणि मेजवानी तेवढ्यांपुरती ठेवावी. बाकीचे सामने चहा आणि मूठभर शेंगदाण्यांवर बघता येतात.

आता मुख्य दोष सांगतो. पदार्थापेक्षा तो खाण्याच्या रीतीत जास्त असतो. डोळे पडद्यावर असतात आणि हात परातीत. चेंडू गोलजवळ गेला की हात आपोआप तोंडाकडे जातो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला एरवीही पंधरा-वीस मिनिटे लागतात, येथे तर तो घ्यायला मेंदू मोकळाच नसतो. म्हणून परात मध्ये ठेवू नये. प्रत्येकाला ताट किंवा बशी वाढून द्यावी. ती संपली की उठून आणावी लागावी. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत ज्याला हवे त्याने दुसऱ्यांदा घ्यावे. एवढ्या एका बदलाने निम्मे खाणे कमी होते असा माझा अंदाज आहे आणि कोणाच्या आनंदात काडीचा फरक पडत नाही.

दुसरा नियम मी आग्रहाने सांगतो. सामना सुरू झाला की गॅस बंद. बाहेर आठ पुरुष आरडाओरडा करत आहेत आणि आत वहिनी किंवा आई घाम पुसत घाण्यावर घाणा काढत आहेत, हे चित्र आपल्याकडे फार ठिकाणी दिसते. त्या माऊलीला गोल दिसत नाही, तिचे जेवण रात्री बारा वाजता, गार झालेले, उभ्याने होते. तिलाही रक्तदाब आणि मधुमेह असतो, हे घरातले विसरतात. जे काही करायचे ते शिट्टी वाजायच्या आत तयार असावे आणि ज्यांचे मित्र येणार आहेत त्यांनी कांदा चिरायला बसावे. गरम गरम तळण येत राहिले की खाणे थांबत नाही. कढई उतरली की आपोआप थांबते.

आधी करून ठेवता येण्याजोगे पदार्थ आपल्या स्वयंपाकात कमी नाहीत. मिसळच घ्या. मोड आलेल्या मटकीची उसळ हे उत्तम खाणे आहे, प्रथिने आणि चोथा दोन्ही भरपूर. घोटाळा कटाच्या तवंगात आणि फरसाणात असतो. उसळ दोन पळ्या, कट वेगळ्या वाटीत, फरसाण वरून मूठभर आणि कांदा-लिंबू हवे तेवढे, अशी वाढली तर ब्रेडच्या दोन स्लाइसबरोबर पोट भरते. फरसाणात मीठ फार असते हे रक्तदाबवाल्यांनी ध्यानात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा असावे. फरसाण, पापड आणि लोणचे तिन्ही पानात आले की तो चमचा केव्हाच भरतो.

मटणाचा बेत असेल तर माझे मत पांढऱ्या रश्श्याच्या बाजूने आहे. आळणी पाण्याचा, नारळाच्या दुधाचा हा रस्सा रात्रीच्या वेळी पोटाला तांबड्यापेक्षा सोसतो. नारळाचे दूध म्हणजेही स्निग्धच, पण वाटीभराने काही होत नाही. तांबडा हवाच तर वरचा तवंग पळीने काढून घ्यावा. असे लिहिल्याबद्दल काही घरांतून मला शिव्या बसतील, त्या मान्य आहेत. भजी करायची तर जरूर करा, फक्त आधी कढईत तेल मोजून ओता आणि शेवटी उरलेले मोजा. किती पोटात गेले ते मी सांगण्यापेक्षा तुम्हीच बघितलेले बरे. उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे, दुसऱ्या सामन्याच्या तळणीसाठी ठेवू नये.

आणि या सगळ्यांपेक्षा मला भडंग आवडते. जयसिंगपूरच्या वाटेवरच्या पाकिटातले नव्हे, घरचे. अर्धा किलो चुरमुरे चाळून उन्हात किंवा मंद आचेवर कुरकुरीत करावेत. शंभर ग्रॅम तेलात आधी पाव किलो शेंगदाणे परतावेत, मग ठेचलेला लसूण सालीसकट आणि कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत तळावा, आच बंद करून हळद, तिखट, मीठ घालावे आणि चुरमुरे त्यात हलक्या हाताने घोळावेत. दहा जणांत माणशी तेल दहा ग्रॅम पडते. पिठीसाखर काही जण घालतात, मधुमेहींच्या घरी गाळावी. मधुमेहींनी चुरमुरे बेताने आणि शेंगदाणे जास्त घ्यावेत, कारण चुरमुरा साखर झपाट्याने वाढवतो. थंड पेयाची बाटली मात्र बाहेरच ठेवा. ३०० मिलिलिटरच्या कोलामध्ये ३० ग्रॅमहून अधिक साखर असते, म्हणजे सात-आठ लहान चमचे. एवढी साखर चहात कोणी घालून घेईल का? ताक करा, सोलकढी करा.

वेळेचाही विचार हवा. २०२२ चा अंतिम सामना १८ डिसेंबरला आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झाला आणि जादा वेळ, पेनल्टी होऊन संपेपर्यंत अकरा वाजून गेले. त्या रात्री अनेक घरांत गोळी आठला घेतली गेली आणि जेवण साडेअकराला झाले. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी हे धोक्याचे आहे. सामन्याच्या भरात हात थरथरला, घाम आला, तर तो उत्कंठेचा की साखर उतरल्याचा हे शेजाऱ्याला कळत नाही. अशांनी नेहमीच्या वेळी पोळी-भाजी खाऊन घ्यावी आणि मित्रांबरोबर बशीभर चवीला घ्यावे. मद्य घेऊच नये. ते साखर आणखी उतरवते.

येथवरचे सगळे थोडेफार चुकले तरी निभावते. यापुढचे निभावत नाही, म्हणून ते नीट वाचावे ही विनंती.

त्याच अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अठ्ठेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. रात्री मटण झाले होते. जादा वेळेत छातीत जड वाटू लागले, घाम आला. "पित्त झाले असेल," असे सर्वांचेच मत पडले. सोडा झाला, पित्ताची गोळी झाली, ओवा झाला. झोप लागली नाही तरी सकाळपर्यंत थांबले. ईसीजीमध्ये हृदयविकाराचा मोठा झटका दिसत होता. पुढे पाठवले, ते वाचले, पण हृदयाची ताकद बरीच गेली. आता दोन जिने चढले की थांबावे लागते.

त्या मित्रांना मी दोष देत नाही. तेलकट, तिखट खाल्ले आणि तासाभरात आडवे झाले की पित्त खरोखरच वर येते आणि छातीतच जळते. भारी जेवणाचा खरा धोका मला येथे दिसतो. त्या रात्री प्रत्येक दुखण्याला एक तयार कारण मिळते आणि पहिले मोलाचे तास त्यात जातात.

जर्मनीत २००६ साली विश्वचषक झाला तेव्हा म्युनिक आणि परिसरातील डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची मोजदाद केली. ती २००८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी असे रुग्ण एरवीच्या २.६६ पट आले. पुरुषांत हे प्रमाण ३.२६ पट होते, आधीपासून हृदयविकार असलेल्यांत सुमारे चार पट. सर्वाधिक रुग्ण सामना सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तासांतले. ती पाहणी ताणाविषयी होती, खाण्याविषयी नव्हती. पण आपल्याकडे ताणाच्या जोडीला जागरण, मटण आणि तोंडात मावा असतो. (भज्यांचे तेल मोजणारा माणूस दर अर्ध्या तासाला माव्याची पुडी सोडतो, तेव्हा मला काय बोलावे ते सुचत नाही.) शिवाय आपल्या उपखंडातील लोकांना पहिला झटका इतर देशांतल्यांपेक्षा काही वर्षे लवकर येतो. चाळिशी-पन्नाशीचा माणूस तरुण समजून सोडून देऊ नये.

छातीच्या मध्यभागी दाब किंवा ओझे, दंडात, जबड्यात, पाठीत जाणारी कळ, थंड घाम, धाप, मळमळ यांपैकी काही पंधरा-वीस मिनिटे टिकले तर ते पित्त ठरवण्याचा अधिकार जमलेल्या मंडळींना नाही. मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये कधी कधी नुसते पोटाच्या वरच्या भागात दुखते किंवा एकदम गळून गेल्यासारखे होते. अशा वेळी त्याला चालवू नये, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये. १०८ ला दूरध्वनी करावा किंवा दारात चारचाकी असेल तर तिने न्यावे. ज्याच्या घरी सामना बघायचा त्याने रात्री ईसीजी कोठे निघतो हे दुपारीच विचारून ठेवावे.

पहिला ईसीजी चांगला आला तरी डॉक्टर थांबायला सांगतील. झटक्याच्या सुरुवातीला तो कधी कधी चांगलाच दिसतो, म्हणून काही वेळाने दुसरा काढतात आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करतात. त्यात दोन-तीन तास जातील. तेवढ्यात पेनल्टीचे काय झाले ते बाहेर उभ्या मित्रांना विचारता येते. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी मोबाइलवर सामना चालू असतोच.