बांधावरची कळलावी राखा, तिचा पतंग वाचवा

आषाढी एकादशीला जळगावच्या पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो, त्या सुमारास झुडपी कुंपणांवर कळलावीचे वेल चढू लागतात. असा वेल दिसला तर त्याची पाने उलटून पाहा. पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांच्या काळ्या अळ्या आढळल्या, तरी फवारणीचा पंप उचलू नका. त्या कळलावीवर जगणाऱ्या पॉलिटेला ग्लोरिओसी या पतंगाच्या अळ्या आहेत.

हा पतंग ओळखायला सोपा आहे. पंख पसरूनही जेमतेम तीन सेंटिमीटर. पुढच्या काळ्या पंखांवर लाल-पिवळ्या ठिपक्यांची दाट नक्षी, मागचे पंख नुसते काळपट. मादी पानांवर पुंजक्याने अंडी घालते. लहान अळ्या घोळक्याने पाने खातात आणि पुरत्या वाढल्या की जमिनीत उतरून मातीत कोष करतात. कळलावीत कोल्चिसिन हे जहाल विष असते. माणसांना आणि गुरांना घातक असलेला हा पाला ही अळी सहज पचवते. तिचे भडक रंग म्हणजे पक्ष्यांना दिलेली ताकीदच.

शेतकरी बंधू-भगिनींनो, या अळीचे भय बाळगू नका. कळलावी आणि बागेतल्या लिलीसारखी झाडे हेच तिचे अन्न. तुमच्या कापसाच्या, केळीच्या वाट्याला ती जात नाही. पण बांधावर तणनाशक मारले, कुंपण पेटवले, औषधासाठी कंद उपटून विकले, की वेल संपतो आणि अळी उपाशी मरते. पिंप्राळा गाव आता जळगाव शहरात आले आहे. कुंपणे मोडून प्लॉट पडतात, तिथे वेलाला चढायला आधारच उरत नाही. सातपुड्यात यावल अभयारण्य आहे, हे खरे. पण शिवारातला पतंग शिवारातच जगला पाहिजे.

म्हणून बांधाचा एक तरी कोपरा फवारणीविना राखा. कंद उपटू नका. अंगणातल्या लिलीवर अळ्या आल्या, तर त्या उचलून कळलावीवर सोडा. शिक्षकांनो, २०१२ पासून दरवर्षी जुलैच्या अखेरीस पतंग सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्यात मुलांना बांधावर न्या, फोटो, तारीख आणि ठिकाण यांची नोंद करायला लावा. मात्र वेलाचा कोणताही भाग तोंडात घालू देऊ नका.

यंदा कुंपण साफ करायला कोयता उचलाल, तेव्हा आधी कळलावी शोधा आणि तेवढा वेल राहू द्या.