बेवारस तुकड्यांचा ठावठिकाणा

जुन्या रिमोट गाड्यांच्या बाजारात सर्वांत स्वस्त माल म्हणजे सुट्या भागांची पिशवी. इंग्लंड-अमेरिकेत कुणाच्या तरी माळ्यावरून निघालेली. आत चार गिअर, एक वाकलेला दांडा, अर्धा बंपर आणि विकणाऱ्यालाही ज्याचा थांगपत्ता नाही असा एखादा सोनेरी तुकडा. कुणाला हे भंगार वाटेल. जाणकार मात्र भिंग काढून बसतो आणि तासाभरात निम्म्या तुकड्यांना त्यांच्या गाडीचे नाव चिकटवतो. ही निव्वळ छंदिष्टांची करमणूक मानू नये. कोणतीही वस्तू दुरुस्त व्हायची तर तिचा प्रत्येक भाग आधी ओळखता यावा लागतो, आणि तशी सोय करून ठेवणे हे बनवणाऱ्याचे काम आहे.

जपानमधल्या शिझुओका शहरातील टामिया कंपनीने ते काम केले, तेही जवळपास नाइलाजाने. 1976 मध्ये तिची पहिली रिमोट गाडी आली, पोर्शे 934. पोर्शेचे हुबेहूब मॉडेल करायचे म्हणून कंपनीचे शुनसाकू टामिया यांनी खरीखुरी पोर्शे 911 विकत घेऊन ती सुटी केली होती. ग्राहकाच्या हाती मात्र तयार गाडी पडत नसे. खोक्यातून निघत ते प्लास्टिकच्या चौकटींना लगडलेले भाग, स्क्रूंच्या पुड्या आणि एक पुस्तिका. जोडणी ग्राहकानेच करायची. मग ‘ए’ चौकटीतला पाचवा भाग ‘बी’ चौकटीतल्या दुसऱ्या भागाला कुठे बसतो हे सांगायला अक्षर आणि आकडा हवाच. हे आकडे कोरले गेले जोडणीसाठी. चाळीस-पन्नास वर्षांनी ते दुरुस्तीला उपयोगी पडत आहेत. खोक्यांनाही क्रमांक होते. पोर्शे 58001, तर 1984 मधली ग्रासहॉपर 58043 आणि त्याच वर्षीची हॉर्नेट 58045.

या शेवटच्या दोघींनी भल्याभल्यांना चकवले आहे. दोघींचा टबासारखा सांगाडा तोच, मागचा गिअरबॉक्सही तोच. वरचे कवच आणि चाके निघून गेलेला सांगाडा हाती आला की पहिली नजर मोटरवर जाते, कारण ग्रासहॉपर 380 जातीच्या बारीक मोटरवर निघाली होती आणि हॉर्नेट 540 जातीच्या जाड मोटरवर. पण ऐंशीच्या दशकातल्या मुलांना वेग हवा होता. कितीतरी ग्रासहॉपरमधली छोटी मोटर काढून तिथे मोठी बसवली गेली. त्यामुळे मोटरची साक्ष एकटी पुरत नाही. कवच, चाके, मागचे शॉकअ‍ॅब्झॉर्बर असे सगळे पुरावे जुळवून मगच निकाल द्यावा लागतो.

तुकड्यावर कोरलेले वर्षही असेच फसवे. ते असते साच्याचे. तो तुकडा कधी ओतला गेला याच्याशी त्याचा संबंध नसतो. ग्रासहॉपर-हॉर्नेटचा गिअरबॉक्स 1987 च्या लंच बॉक्स या गुबगुबीत व्हॅनखालीही गेला. पुढे टामियाने जुन्या गाड्या पुन्हा बाजारात आणल्या. हॉर्नेट 2004 मध्ये आली, ग्रासहॉपर 2005 मध्ये. जुन्या गाड्यांच्या मालकांना ही पर्वणीच होती, कारण वर्षानुवर्षे न मिळणारे भाग पुन्हा दुकानात दिसू लागले. मात्र जुने वर्ष मिरवणारा नवा तुकडा ‘अस्सल 1984 चा’ म्हणून चढ्या भावाने खपवणाऱ्यांचीही सोय झाली. पुनर्निर्मितीच्या वेळी जुन्या वर्षाशेजारी नवे वर्ष कोरायला फारसा खर्च येत नाही. प्रत्येक कंपनीने ते कोरावे.

जिथे अक्षर-आकडा काहीच नसतो, तिथे स्क्रू बोलतात. जपानी गाडीत बहुधा 3 मिलिमीटरचा स्क्रू असतो. अमेरिकी गाडीत इंची मापाचा, म्हणजे 4-40 सारखा. दोन्ही शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. पण 4-40 चा स्क्रू 3 मिलिमीटरच्या नटात फिरवून पाहा. एक-दोन आटे जातो आणि अडतो. ओळख पटली! कॅलिफोर्नियातल्या टीम असोसिएटेडची 1984 ची आरसी10 अशीच इंची मापाची, आणि तिचा सोनेरी अ‍ॅनोडाइझ्ड अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा तर लांबूनही लपत नाही. जपानी स्क्रूच्या डोक्यावरची फुलीसुद्धा आपल्याकडच्या नेहमीच्या चौफुलीहून किंचित वेगळी असते. ती खरवडून गोल झालेली दिसली तर आधीच्या मालकाने भलताच स्क्रूड्रायव्हर चालवला असे खुशाल समजावे. स्टिअरिंग वळवणाऱ्या सर्व्हो मोटरच्या टोकावरचे दाते मोजले तर 25 दाते फुताबा कंपनीकडे बोट दाखवतात आणि 23 दाते सान्वा किंवा केओ या कंपन्यांकडे.

खरी कसोटी लागते ती बाहेरच्या कारखान्यांनी केलेल्या भागांपाशी. टामियाची 1983 ची फ्रॉग देखणी होती, पण तिच्या मागच्या चाकांना फिरवणारे षट्कोनी टोकांचे दांडे दणकट मोटरपुढे टिकत नसत. ही उणीव भरून काढायला एमआयपी, थॉर्प, सीआरपी अशा अमेरिकी नावांचे अधिक मजबूत भाग बाजारात आले. असा एखादा भाग वेष्टनातून निघून गाडीवर चढला की त्याचे नाव वेष्टनाबरोबर कचऱ्यात जाई. अंगावर ना अक्षर, ना आकडा. आज पिशवीतला जो सोनेरी तुकडा कुणाला ओळखता येत नाही, तो बहुतेक याच कुळातला. त्याचा माग काढायचा तर त्या काळच्या मासिकांतल्या जाहिराती चाळाव्या लागतात.

याच काळात दुसऱ्या जातीच्या रिमोट गाड्याही लाखो घरांत शिरल्या होत्या. खोक्यातून काढा, सेल घाला आणि पळवा. अमेरिकेत टायको या नावाने विकली जाणारी टर्बो हॉपर ही मुळात जपानच्या तायोची जेट हॉपर. अशा गाड्यांत संदेश पकडणारा भाग आणि मोटर चालवणारा भाग सहसा एकाच सर्किट बोर्डावर असायचे. बोर्ड जळला की गाडी अडगळीत. बाजारातल्या बहुतेक स्वस्त रिमोट गाड्यांची तऱ्हा आजही हीच आहे.

भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. मुलाला इजा होऊ नये यासाठी ते योग्यच. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस त्याचे पोर्टलही सुरू केले. पण चिन्ह असलेली रिमोट गाडी घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलात तर तो काय करणार? तुटलेल्या गिअरला नाव नाही, नंबर नाही, आतला नकाशा नाही. तो मागवायचा कुठून आणि काय म्हणून?

खेळणे स्वस्त असल्यामुळे ते टाकाऊच असणार, असा युक्तिवाद उत्पादक करतील. ग्रासहॉपरही तिच्या काळात नवशिक्यांसाठी काढलेली स्वस्त गाडीच होती. तरी ती आज चालते, कारण तिचा कोणता तुकडा मोडला हे पुस्तिकेच्या चित्रात बोट ठेवून सांगता येते. साच्यात अक्षरे एकदाच कोरावी लागतात आणि मग त्यातून निघणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर ती फुकट उमटतात. म्हणून रिमोट गाडी, मिक्सर, पंखा अशा वस्तूंच्या मानकांत दोन अटी घालाव्यात: प्रत्येक बदलता येण्याजोग्या भागावर क्रमांक आणि साच्याचे वर्ष, आणि सर्व भाग सुटे करून दाखवणारे चित्र कुणालाही पाहता येईल असे उपलब्ध. सुरुवात खेळण्यांपासून करावी. तिथे मानक आधीच सक्तीचे आहे, फक्त त्यात या दोन ओळी वाढवायच्या आहेत.