रद्दीच्या काट्यावरून

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण तुम्ही पाहिली आहे का? आई चार साड्या पुढे टाकते आणि म्हणते, "मोठं पातेलं द्या हं!" बोहारीण काही लगेच हो म्हणत नाही. साडी उजेडात धरते, काठ चाचपते, शर्टाची कॉलर उलटून बघते. मग म्हणते, "आणखी एक पँट टाका, ताई." घासाघीस होते, सौदा पटतो. पुढे ते कपडे धुऊन, उसवलेलं शिवून जुन्या बाजारात विकले जातात. पातेलं मात्र तिनं आधीच विकत आणलेलं असतं. म्हणजे कपडे खपेपर्यंत तिचे पैसे अडकलेले!

असा धंदा तुम्हालाही जमेल. फक्त कपड्यांऐवजी पुस्तकं घेऊ.

समजा, तुम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगडला राहता. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे थेट जूनच्या शेवटी उघडतात. मधल्या काळात पुस्तकं रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. त्याला गणित काय न् भूगोल काय, तो वजनाचेच पैसे देणार! पण तेच गणिताचं पुस्तक जूनमध्ये चार घरं पलीकडे कुणाला तरी हवंच असतं. तुमची कमाई आहे ती या दोन दारांच्या मध्ये.

आठवीपर्यंतची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नका. नववी-दहावीची बघा. बोहारणीसारखं पान न् पान उलटा. पेन्सिलीची उत्तरं खोडा, सुटलेली पानं खळीनं चिकटवा, खाकी कव्हर घाला. एखादं पान गायबच असेल तर? पहिल्या पानावर ठळक लिहा, 'पान ६१ नाही', आणि किंमत कमी करा. गपचूप विकलंत, तर कुणाला तरी ऐन परीक्षेच्या आदल्या रात्री ते पान सापडणार नाही. गाव लहान आहे बरं, विकणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं!

आता हिशोब. समजा, एक संच १५० रुपयांना घेतलात, खाकी कागद आणि खळीला २० लागले. असे चार संच म्हणजे ६८० रुपये. २५० प्रमाणे तीन विकले, आले ७५०. उरले ७०. हात्तिच्या, एवढेच? हो, कारण चौथा संच अजून घरात आहे! (आईबाबांनो, हे ६८० रुपये मुलांना उसने द्या, बक्षीस नको. परत मागायलाही विसरू नका.)

तो चौथा संच पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवता येईल. पण २०१७ साली नववीची आणि २०१८ साली दहावीची पुस्तकं बदलली, तेव्हा जुने संच साठवून बसलेल्यांकडे नुसती रद्दी उरली. २०२५ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आला आहे. वरच्या वर्गांचं काय, ते आधी गुरुजींना विचारा. आणि तेवढ्यात रद्दीवाला दारात येऊन त्या संचाचे ४० रुपये देतो म्हणाला, तर द्याल, की पुढच्या जूनपर्यंत थांबाल?